काळ्या गाडीला कोरडं फडकं लावू नका!

अहो, किती वेळा सांगायचं? धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवायचं नाही! पुण्यात धुळीला काय तोटा आहे? मेट्रोची कामं, बाणेर-बालेवाडीत उठणारे टॉवर, खडी सांडत जाणारे डंपर. रात्रीत बॉनेटवर थर! त्यात बारीक वाळू असते, वाळू! आणि सोसायटीत एकाच बादलीच्या गढूळ पाण्यात बुचकळलेलं तेच फडकं ओळीने सगळ्या गाड्यांवर.

रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग!). उन्हात उभी करून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. पांढऱ्या गाडीवर खपून जातात, काळीवर डोळ्यांत खुपतात. पॉलिश मारून घालवायचे म्हणजे तोच कोट अजून घासायचा. किती घासणार?

आधी नुसत्या पाण्याचा फवारा, शाम्पूची एक बादली, कापड खंगाळायला दुसरी, मऊ मायक्रोफायबरचं कापड, तेही सावलीत. एवढं जड जातं? बोअरचं पाणी गाडीवरच सुकू दिलं की क्षारांचे पांढरे डाग, ते वेगळेच.

आणि धुळीत बोटाने नावं लिहिणारी पोरं! अरे, दुसऱ्याच्या गाडीला हात लावताच का?