ठोकळ्याचा तुकडा बाळाच्या तोंडात गेला, त्या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि पोटात गोळाच आला. आमच्याकडून नेलेल्या जोडायच्या ठोकळ्यांमधला एक तुकडा तुमच्या दोन वर्षांच्या बाळानं तोंडात घातला. तुमचं वेळीच लक्ष गेलं, म्हणून निभावलं. चूक आमचीच आहे. खोक्यावर ‘३+’ छापलेलं असताना काउंटरवरून तुम्हाला ‘सगळ्या वयाला चालतं’ असं सांगितलं गेलं. दुकानाचा मालक म्हणून मी तुमची मनापासून माफी मागतो.

आयएसआय मार्क असूनही असं कसं, असं तुम्ही विचारलंय. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो मार्क सक्तीचा आहे आणि तुमच्या खोक्यावरही तो आहे. पण त्यामुळे ते खेळणं प्रत्येक वयाला चालतं असं होत नाही, वयाचा आकडा वेगळा बघावा लागतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा एकही सुटा तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. हे नळकांडं दहाच्या नाण्यापेक्षा जरासंच रुंद असतं. तुमच्या सेटमधले, वर चार गोल उंचवटे असलेले तुकडे त्यात सहज मावतात. शिवाय ते दाबून बसवायला बोटांत जोर लागतो, तो दोन वर्षांच्या हातात नसतो. मग मूल वैतागतं आणि तुकडा तोंडात जातो. लेगो कंपनीचे लहान मुलांसाठीचे ‘डुप्लो’ ठोकळे नेहमीच्या लेगो ठोकळ्यांपेक्षा लांबी-रुंदी-उंचीत दुप्पट असतात, ते याचसाठी.

लाकडी ठोकळे महाग पडले आणि सात वर्षांच्या ताईनं दोन दिवसांत टाकून दिले, असंही तुम्ही लिहिलंय. ते मात्र परत करू नका. चार सेंटिमीटरचे ते ठोकळे धाकट्याला द्या. एकावर एक चार रचायचे आणि हातानं पाडायचे, या वयाला हाच खेळ असतो आणि पन्नास वेळा केला तरी पुरत नाही. ताईला बारीक तुकड्यांचा सेट द्या, तिच्या वयाला तो योग्य आहे. फक्त तिला टेबलावर चादर अंथरून खेळू द्या. खेळ संपला की चारही टोकं धरून चादर उचलायची आणि सगळे तुकडे झाकणाच्या डब्यात ओतायचे. खाली एखादा पडला नाही ना, ते तुम्ही स्वतः बघा.

तरीही तो सेट घरात नको वाटत असेल तर फोडलेलं खोकं तसंच घेऊन या, बिल नसलं तरी चालेल. पूर्ण पैसे परत देतो.

त्या दिवशी तुम्हाला आधी बजेट विचारलं गेलं, बाळाचं वय कुणी विचारलंच नाही. आता आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘घरात सगळ्यात लहान कोण आहे?’ खेळणं थोरल्यासाठी घेत असलात, तरीही.