सनद मिळाली म्हणून शेजाऱ्याची माती नेता येत नाही

परवा गोव्यातल्या डिचोलीहून काकीचा फोन आला. शेजारच्या जागेत जेसीबी लागलाय, तिच्या माडांच्या बुंध्यापर्यंत डोंगर उभा कापलाय. एक माड मुळं उघडी पडून वाकलाय. तक्रार का केली नाहीस विचारलं, तर म्हणाली, "व्हॉट्सॲपवर आलंय ना, आम्हाला हक्कच नाही."

तो मेसेज मग मीही वाचला. त्यातली सनद म्हणजे जमिनीचा वापर बदलायची सरकारी परवानगी, आणि एक-चौदा म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा. 'सनद झाली की मालक काहीही करू शकतो. तुमची कड ढासळली तर भिंत तुम्ही बांधा. एक-चौदावर नोंद नसेल तर वाट नाही. शेजाऱ्याची एनओसी लागत नाही.'

कडेबद्दलचं वाक्य धादांत खोटं आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा गोव्यालाही लागू आहे. त्याच्या कलम ७ खालच्या उदाहरणांतच लिहिलंय की आपल्या जमिनीला शेजारच्या मातीचा जो नैसर्गिक आधार असतो, तो मिळत राहणं हा प्रत्येक मालकाचा हक्क आहे. त्याला करार लागत नाही, किती वर्षांचा ते सिद्ध करावं लागत नाही. घराच्या भाराला लागणारा जादा आधार ही वेगळी बाब, तिथे वर्षं मोजतात. पण काकीच्या कडेला घर कुठे आहे? माडच आहेत. आधार काढून घेतला आणि जमीन खचली, तर भरपाई कापणाऱ्याकडून मागायची. पुढची कापणी थांबवायला कोर्टाकडे मनाईही मागता येते. म्हाताऱ्या बाईला भिंत बांधायला सांगणारे हे कोण?

आणि सनद म्हणजे डोंगर कापायचा परवाना नव्हे! सनदेने जमिनीचा वापर बदलतो, एवढंच. डोंगर कापायला किंवा सखल जमिनीत भर घालायला १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

वाटेचंही तसंच. एक-चौदावर नोंद नसली तरी वीस वर्षं उघडपणे, हक्काने, न अडता वापरलेली वाट कोर्टात सिद्ध करता येते. अडवली तर मामलेदाराकडे जाता येतं, फक्त सहा महिन्यांच्या आत.

एनओसीचं मात्र बरंचसं खरं आहे, मानावं लागेल. नियमाप्रमाणे अंतर सोडून आपल्या जागेत बांधणाऱ्याला शेजाऱ्याची संमती सहसा लागत नाही. त्यावरून पुढचं सगळं खपवलंय.

काकीला सांगितलंय, कापलेल्या कडेला टेप लावून फोटो काढून ठेव, त्या माडाचाही काढ. सोमवारी अर्ज घेऊन मी येतो, पोचपावती घेतल्याशिवाय परतायचं नाही.