ऑइलची गळती हाताने चाचपा, म्हणे!

‘पंचवीस वर्षांचा अनुभव : अवजार पाच मिनिटांत जोडण्याच्या सहा युक्त्या’ असा एक मेसेज सध्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली नाव नाही. अनुभव कोणत्या ट्रॅक्टरचा, कोणत्या अवजाराचा, तेही नाही. मी तो दोन-तीनदा वाचून सोडून दिला होता. परवा भाच्याने तोच मला पाठवला, वर ‘मामा, हे पाठच करून टाकतो’ अशी ओळ. तो आत्ता कुठे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) जोडायला शिकतोय. फोनवर त्याला जे बोललो तेच इथे जरा सभ्य भाषेत लिहितो.

त्या सहा युक्त्या थोडक्यात अशा. जोडणी आणि किरकोळ दुरुस्ती इंजिन चालू ठेवूनच करा. पीटीओ शाफ्टवरचं (इंजिनाची ताकद अवजारापर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्यावरचं) प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेका. हायड्रॉलिकचं ऑइल कुठून गळतंय ते होजवरून (ऑइलच्या रबरी नळीवरून) हात फिरवून शोधा. शिअर बोल्ट (जादा ताण आला की आधी तुटणारा बोल्ट) सारखा तुटत असेल तर त्याजागी कडक पोलादाचा बोल्ट घाला. पाती बदलताना अवजार लिफ्टवर उचला आणि खाली शिरा. आणि मदतनिसाला ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये उभं करून ट्रॅक्टर मागे घ्या.

क्रम सोडून आधी तिसरीकडे येतो. बाकीच्या पाचांमधला धोका निदान डोळ्यांना दिसतो, हिच्यातला दिसत नाही.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमधला दाब जोराच्या कामात साधारण १५० ते २०० बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरात असतो दोन-सव्वादोन बार. होजला मोठी चीर पडली तर ऑइल भळाभळा वाहतं, आपण शिव्या घालतो आणि ट्रॅक्टर बंद करतो. घातक असतं ते टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून निघणारी धार इतकी बारीक असते की ती दिसतच नाही, फार तर हलकं धुकं असल्यासारखं वाटतं. होज नुसता ओलसर लागतो. आणि मेसेजवाला सांगतो, तिथेच हात फिरवा! अशी धार बोटाला सापडते हे खरंच आहे. ती कातडी भेदून आत जाते, मग सापडणारच.

पुढचं जास्त वाईट आहे. जखम म्हणून दिसतो एक बारीक ठिपका, काटा टोचल्यासारखा. रक्त नसल्यातच जमा. पहिल्यांदा फारसं दुखतही नाही, त्यामुळे माणूस बोट पुसतो आणि कामाला लागतो. तोवर आत ऑइल स्नायुबंधांच्या आवरणातून तळव्याकडे पसरलेलं असतं. काही तासांनी बोट टम्म सुजतं, रक्त पोचेनासं होतं, आतला मांसल भाग मरायला लागतो. यावर मलम किंवा गोळी चालत नाही. शस्त्रक्रिया करून बोट, कधी तळवासुद्धा, उघडून ऑइल आणि मेलेला भाग काढावा लागतो. उशीर झाला तर बोट कापण्याची वेळ येते. या दुखापतीबद्दलच्या वैद्यकीय लिखाणात सहा तासांची मर्यादा पुन्हा पुन्हा येते, आणि तेवढे तास तर दुखत नाही म्हणून घरी थांबण्यातच जातात.

म्हणून असं कुणाला झालंच तर दुखण्याची वाट बघायची नाही. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जायचं आणि ‘काहीतरी टोचलं’ असं न सांगता ‘दाबाखालचं ऑइल बोटात शिरलंय, इतक्या वाजता शिरलंय’ असं स्पष्ट सांगायचं. ऑइलच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवायचा. हे डॉक्टरांना रोज बघायला मिळत नाही. वरून किरकोळ दिसणाऱ्या ठिपक्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन पेशंटला घरी पाठवलं जाऊ शकतं.

हातमोजे घातले तर? नेहमीचे कापडी किंवा चामडी मोजे ही धार अडवत नाहीत. गळती शोधायला जाड पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा वापरतात, तो लांबून धरतात आणि डोळ्यांवर चष्मा लावतात. पुठ्ठ्यावर डाग उमटला की जागा सापडली. पुढची दुरुस्ती अवजार जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, होज जिथे जोडतात त्या कपलरचा लिव्हर दोन्हीकडे हलवून होजमध्ये अडकलेला दाब सोडल्यावरच. डिझेलच्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांनाही हाच नियम. तिथला दाब हायड्रॉलिकपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आता कव्हर. इथे मेसेजवाल्याचं अर्धं म्हणणं मान्य करतो, जिवावर येऊन का होईना. कव्हरमुळे क्रॉसचं (शाफ्टच्या सांध्याचं) ग्रीस निपल झाकलं जातं आणि ग्रीस मारायला त्रास होतो, हे खरं आहे. बऱ्याच कव्हरांना त्यासाठी खिडकी असते किंवा क्लिप काढून ते मागे सरकवता येतं. नसेल तर वेळ जातो. जाऊ दे.

कव्हर काढून टाकल्यावर काय होतं त्याचा हिशेब बघा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालला की शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टचा घेर होतो बावीस सेंटिमीटर. म्हणजे बाहीचं टोक, मफलर किंवा सैल नाडी अडकली तर सेकंदाला सुमारे दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. ‘अरे!’ म्हणून हात मागे घ्यायला माणसाला पाऊण सेकंद लागला तर तोवर दीड मीटर आत. तेवढी बाही कुणाची नसते, त्यामुळे कापडामागोमाग हात जातो. १००० फेऱ्यांच्या पीटीओवर हेच सगळं जवळजवळ दुप्पट वेगाने. ‘अनुभवी माणूस शाफ्टपासून लांबच राहतो’ असं मेसेजमध्ये लिहिलंय. मग त्याच मेसेजमधला पहिला मुद्दा त्याला इंजिन चालू ठेवून शाफ्टजवळ का पाठवतो?

कव्हर नुसतं असून भागत नाही. ते शाफ्टबरोबर फिरता कामा नये, म्हणून त्याच्या टोकाच्या साखळ्या न फिरणाऱ्या भागाला अडकवलेल्या हव्यात. इंजिन बंद असताना कव्हर हाताने फिरवून बघा. शाफ्ट स्थिर राहून कव्हर मोकळं फिरलं तर ठीक. अडकत असेल तर त्याच्या आतलं बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ते चेपलंय. असं कव्हर असून नसल्यासारखंच.

पहिल्या मुद्द्यात कारण दिलंय की सारखं चालू-बंद केल्याने स्टार्टर आणि बॅटरीची वाट लागते. मरायला टेकलेल्या बॅटरीचा ट्रॅक्टर असेल तर ही अडचण खरी आहे. तिथे बॅटरी बदलायची. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा शेतयंत्रांबद्दलचा १९२८.५७ क्रमांकाचा नियम आहे. तो सांगतो : दुरुस्ती, जुळवणी, सफाई किंवा अडकलेला पाला काढण्याआधी इंजिन बंद करा, शक्ती तोडा आणि यंत्राची सगळी हालचाल थांबेपर्यंत थांबा. यंत्र चालू असल्याशिवाय जे काम करताच येत नाही, तेवढ्यालाच अपवाद आहे. पिन घालणं, पाती बदलणं, गवत ओढून काढणं त्या अपवादात कुठून बसणार? आणि ‘थांबा’ हा शब्द तिथे उगाच नाही. पीटीओ बंद केला तरी गवत कापणीचं किंवा मल्चरचं जड चक्र आपल्याच वेगात बराच वेळ फिरत राहतं. किल्ली काढून खिशात टाकायची, म्हणजे दुसरा कुणी ‘मी चालू करतो’ म्हणून वर चढला तरी फरक पडत नाही.

शिअर बोल्ट तुटतो कारण तुटणं हेच त्याचं काम आहे. तिथे कडक बोल्ट घातला की दगड लागल्यावर गिअरबॉक्स किंवा क्रॉस जातो. सारखाच तुटत असेल तर वेग, खोली किंवा पाती तपासा, आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचाच बोल्ट घाला.

लिफ्टवर उचललेल्या अवजाराखाली शिरण्याबद्दल मेसेज म्हणतो, ‘लिफ्ट टनभर वजन उचलते, अवजार कुठे पडतंय?’ लिफ्टची ताकद हा मुद्दाच नाही. एक सील गेलं, एक होज फुटला की ते खाली येतं. बहुतेक ट्रॅक्टरांवर तर इंजिन बंद असतानाही लिव्हरला धक्का लागला की अवजार उतरतं, कारण उतरायला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. खाली मजबूत स्टँड किंवा लाकडी ठोकळे ठेवा. विटा नकोत, त्या भाराखाली अचानक फुटतात.

राहिला मध्ये उभा राहणारा मदतनीस. क्लच सुटायला बुटाला लागलेला चिखलही पुरतो, आणि मधल्या माणसाला सरकायला जागा नसते. ट्रॅक्टर मागे घेताना मदतनिसाने बाजूला, चालकाला दिसेल असं उभं राहायचं. ट्रॅक्टर थांबला, हँडब्रेक लागला, इंजिन बंद झालं की मगच आत यायचं. जोडताना आधी खालचा डावा आर्म (ट्रॅक्टरमागचा, अवजार धरणारा दांडा), कारण बहुतेक ट्रॅक्टरांवर त्याची उंची ठरलेली असते. मग उजवा, जो वरखाली करून जुळवता येतो. शेवटी टॉपलिंक, म्हणजे वरचा मधला दांडा. प्रत्येक पिनेला लिंच पिनच (पिन निसटू न देणारी कडीची खीळ) लावायची; तिच्याऐवजी तार किंवा खिळा नको. पिना अवजाराच्या कॅटेगरीच्याच (जोडणीच्या ठरलेल्या मापाच्याच) हव्यात : पहिल्या कॅटेगरीत खालची पिन २२ मिलिमीटरची, दुसरीत २८ ची. मोठ्या भोकात बारीक पिन ‘चालवून घेतली’ की ती झिजते आणि वळणावर निसटते. सोडताना अवजार जमिनीला टेकवून आधी शाफ्ट आणि होज काढायचे, मग टॉपलिंक, मग उजवा आर्म आणि शेवटी डावा.