बाबांनी कागदावर लिहिलं होतं : पाणी

रविवारी दुपारी ‘व्हेंटिलेटर’ हा मराठी चित्रपट पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला होता 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळी नुकतीच सरली होती. हायवेवरच्या मॉलमध्ये बायको आणि मी, सोबत साडूचं कुटुंब. चित्रपटातल्या कामेरकरांच्या त्या अख्ख्या गोतावळ्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. या रविवारी मात्र अर्ध्यातच उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बायकोने टीव्ही थांबवून ठेवला, काही विचारलं नाही.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गणपती तोंडावर आलेत आणि घरातलं मोठं माणूस व्हेंटिलेटरवर आहे. नातेवाईक हॉस्पिटलात गोळा होतात. काळजी सगळ्यांनाच आहे, पण सुतक पडलं तर घरच्या गणपतीचं काय, हाही घोर आहे. आणि मुलगा आहे, प्रसन्न, ज्याचं वडिलांशी कधी जमलंच नाही. जितेंद्र जोशीने तो असा केलाय की त्याच्या मानेवरूनसुद्धा त्याचा राग कळतो. दिग्दर्शक राजेश मापुसकर. 64 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. चित्रपटातलं ‘बाबा’ हे गाणं निर्मात्या प्रियांका चोप्रा यांनी स्वतःही गायलंय. त्यांचे वडील 2013 मध्ये गेले. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते गाणं जरा लांबल्यासारखं वाटलं होतं. आता तसं म्हणणार नाही.

आजारपणाच्या बहुतेक चित्रपटांत शेवटी काय होतं? पेशंट डोळे उघडतो, मुलाचा हात हातात घेतो, दोन मिनिटं स्वच्छ मराठीत बोलतो, सगळे हिशोब चुकते होतात. हे खोटं आहे, आणि नुसतं खोटं नाही तर घातक आहे. आपण मनात धरून बसतो की तशी वेळ आली की बोलू. तशी वेळ येते तेव्हा घशात नळी असते. ती नळी दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते, म्हणून माणूस शुद्धीवर असला तरी आवाज फुटत नाही. नळी सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध चालू असतं, आणि झोपेत ती ओढू नये म्हणून कधीकधी हातही बांधून ठेवतात. मापुसकरांचा चित्रपट मला खरा वाटतो तो याचसाठी. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं तोच बोलू शकत नाही, आणि जे काय करायचं ते मुलाला एकट्याने करावं लागतं.

मला हे माहीत आहे, कारण गेल्या वर्षी जानेवारीत मी त्या काचेच्या बाहेर अकरा दिवस होतो.

बाबा नौपाड्यात राहतात, मी घोडबंदर रोडला. रस्ता मोकळा असेल तर वीस-पंचवीस मिनिटं. तरी अडीच वर्षं आमचं बोलणं नव्हतं. कारण ठाण्यात घराघरांत असतं तेच, रिडेव्हलपमेंट. सोसायटीतल्या बाकी सगळ्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या, बाबा अडून बसले. बिल्डरने काम अर्धवट सोडलं तर पैसे बँक देईल, अशा बँक गॅरंटीचा कागद हातात आल्याशिवाय सही नाही. लोक मला फोन करायचे, जरा समजवा वडिलांना. एका सभेत मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, “तुमच्या एका सहीपायी वीस घरं अडकलीत.” ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि जिना उतरून गेले. त्यानंतर सणावाराला आईकडे जायचो ते बाबा फिरायला तलावपाळीला गेलेले असतील अशी वेळ साधून.

मग न्यूमोनिया. आईचा फोन पहाटे आला. दुपारपर्यंत डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, नळी टाकावी लागेल, इथे सही करा.

बाबांसाठी सही. तीही न वाचता. वाचायला वेळच नव्हता.

आयसीयूत संध्याकाळी पंधरा मिनिटं आत सोडायचे. पहिले दोन दिवस मी फक्त मॉनिटर बघत उभा राहिलो. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, बाबांना 60 टक्के द्यावा लागत होता. तो आकडा कमी व्हावा म्हणून मी त्याच्याकडे टक लावून बसायचो, जसं काही बघण्याने तो उतरणार होता. बाबांकडे बघायचं धाडस नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आत्या कणकवलीहून आली, पहाटे ठाण्याला उतरून थेट हॉस्पिटलात. पिशवीत कुळथाची पिठी, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या. बाहेरच्या बाकावर बसून तिने तासाभरात प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांची चौकशी केली, कोणाला पाणी दिलं, कोणाला भाकरी. 2016 मध्ये मी ज्या माणसांवर हसलो होतो ती हीच. काही मित्रांना त्या चित्रपटातले नातेवाईक जास्तच रंगवलेले वाटतात. मला वाटतं ते कमीच रंगवलेत. अशी माणसं बाकावर नसती तर आम्ही उभे राहिलो नसतो.

आत्या आत जाऊन आली आणि म्हणाली, “पाय बघितलेस तुझ्या बापाचे? केवढे सुकलेत. तेल लाव.”

सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, लावा, पण हाताच्या सुयांना धक्का नको. मी चादर वर केली. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांचे पाय हातात घेतले. नमस्काराला वाकलोय शंभर वेळा, पण ते बोटं टेकवण्यापुरतं. टाचांच्या भेगा इतक्या खोल की तेल आत मुरायचं आणि रेघ पुन्हा कोरडी दिसायची. वागळे इस्टेटला एकतीस वर्षं लेथवर उभे होते ते, आठ-आठ तास. उजव्या तर्जनीचं नख तिथेच गेलेलं, म्हणून ऑक्सिजन मोजायची क्लिप मधल्या बोटाला लावली होती. हे मला माहीत होतं, पण मी ते विसरून गेलो होतो. ज्या हाताने सही केली नाही म्हणून मी चिडलो होतो, तो हात इतक्या जवळून बघितलाच नव्हता.

पाचव्या दिवशी गुंगी कमी केली. बाबांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि हवेत बोटं हलवली, लिहिल्यासारखी. सिस्टरांनी कागद धरला, मी पेन बोटांत दिलं. बराच वेळ लागला. अक्षरं एकमेकांवर चढलेली. पण वाचता आलं, “पाणी”.

मी कोसळलोच. नळी असताना तोंडाने पाणी देता येत नाही. सिस्टरांनी ओला कापूस ओठांवरून फिरवला. बाबांनी मान हलवली, नाही. पुन्हा पेन मागितलं. पुन्हा तोच शब्द. रात्रभर मला एकच दिसत होतं, माझे वडील तहानलेले आहेत आणि मी त्यांना घोटभर पाणी देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आईला कागद दाखवला. ती म्हणाली, “अरे, ते बिल्डिंगचं पाणी विचारतायत.”

रोज पहाटे साडेपाचला पंप चालू करून गच्चीवरची टाकी भरायची आणि मग चावी फिरवून सगळ्या मजल्यांना पाणी सोडायचं, हे काम बाबा सोसायटी झाल्यापासून करत आलेत. ज्या वीस घरांना त्यांनी अडकवलं असं मी म्हणालो होतो, त्याच वीस घरांना. चावी जुनी, पूर्ण उघडली तर तळमजल्याला धो-धो आणि तिसऱ्या मजल्याला थेंब नाही.

तेव्हापासून पहाटे मी नौपाड्यात. गच्चीवर अंधार, चावी थंडगार, गंज तळहाताला लागायचा. संध्याकाळी पाय चोळताना त्यांना सांगायचो, “बाबा, पाणी सोडलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं.” सभेबद्दल चकार शब्द काढला नाही, मनात सगळं जुळवून ठेवलेलं असूनही. ऑक्सिजन 40 वर आला, मग नळी काढली. पहिले दोन दिवस आवाज नुसता घोगरा वारा.

मी अजूनही म्हणतो की त्यांनी तेव्हा सही करायला हवी होती. तेही अजून म्हणतात, गॅरंटी दाखवा. पण आता हे आम्ही एका ताटलीतल्या चिवड्यावर म्हणतो.

चित्रपटात एक प्रश्न सतत टांगलेला असतो, मशीन काढायचं की नाही आणि ते ठरवायचं कोणी. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण बाकावर शेजारी बसलेल्या कुटुंबावर आली. तीन भावंडं, तिघांची तीन मतं, आणि वडिलांना काय हवं होतं हे एकालाही माहीत नाही. तिघेही एकमेकांची नजर टाळत बसलेले. बरं होण्याची आशा उरली नाही तर मशीनवर ठेवायचं की नाही, हे माणसाने आधीच लिहून ठेवायचं, त्याला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलंय. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावं लागायचं, 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हे अपशकुनी नाही हो. घरात धडधाकट असताना एक चहा पीत बोलायची गोष्ट आहे. मी बाबांसमोर मसुदा ठेवला तेव्हा हात कापत होते. त्यांनी भिंग घेतलं, पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. चार दिवस वाचला. दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केली, म्हणाले, “हे नीट लिहून आण, मग सही करतो.” नीट लिहून नेलं. त्यांनी सही केली.

जिना आता त्यांना झेपत नाही. शनिवार-रविवार मी तिकडेच झोपतो. पहाटे मी गच्चीवर जातो आणि ते खाली गॅलरीत शाल पांघरून उभे राहतात, नळातल्या आवाजाकडे कान लावून. परवा खालून हाक आली, “अडीच फेरे झाले ना? आता अर्धा मागे घे.”

घेतला.