कुरांत धावते की चालते?

कुरांत या जुन्या फ्रेंच नाचावरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘कुरांत’चा अर्थच धावणारी, संगीतकार बाखच्या पाचव्या फ्रेंच सुईटमधली (सुईट म्हणजे नाचांच्या सुरावटींची मालिका) कुरांत तर सेमीक्वेवरमध्ये, म्हणजे अगदी छोट्या स्वरांत, सुसाट पळते, मग मी तिला संथ आणि भारदस्त कसं म्हटलं? शिवाय बाखच्या कुरांतवर कुणी नाचत नव्हतं, तेव्हा पावलांचं पुराण कशाला?

पहिल्या मुद्द्यात चूक माझी, पण अर्धीच. एकाच नावाखाली दोन प्रकार नांदतात हे लेखात यायला हवं होतं. 3/4 किंवा 3/8 या ठेक्यांतली पळती ती इटालियन कोरेन्ते. 3/2 मधली भारदस्त ती फ्रेंच कुरांत. तुमचं उदाहरण, वर नाव काहीही छापलेलं असो, कोरेन्तेचंच आहे. बाखला हा फरक पक्का ठाऊक होता. 1731 मध्ये त्याने स्वतः छापलेल्या सहा पार्टितांपैकी (याही सुईटच) 1, 3, 5 आणि 6 मध्ये ‘कोरेन्ते’ आहे, 2 आणि 4 मध्ये ‘कुरांत’.

नावातलं धावणं जुनं. आर्बोच्या 1589 च्या नृत्यावरील ग्रंथातली कुरांत उड्यांची आहे: दोन साधी पावलं, एक दुहेरी, आणि ठेका चक्क दोनाचा. चौदाव्या लुईच्या दरबारात ठेका तीनाचा झाला, उड्या जवळजवळ गेल्या, नाव तेवढं राहिलं.

बाखच्या कुरांतवर नाचत नसत, मान्य. पण वजन कुठे द्यायचं ते पावलंच सांगतात. 3/2 च्या एका बारमध्ये (ठेक्याच्या एका आवर्तनात) तीन मिनिम, म्हणजे सहा क्रॉचेट, आणि दोन पदन्यास: पहिल्याला दोन मिनिम, दुसऱ्याला एक. गुडघे वाकतात ते बारच्या आधीच्या उचलीच्या स्वरावर. पहिल्या ठोक्याला टाचा उचलून शरीर वर येतं, मग पाऊल जमिनीलगत सरकतं. उचलीचा स्वर ठोकलात तर नर्तक वाकण्याऐवजी आपटेल.

लयीसाठी बासरीवादक क्वांट्झचा ग्रंथ (1752) बघा: दर क्रॉचेटला नाडीचा एक ठोका. मिनिटाला 80 धरले तर एक बार साडेचार सेकंदांचा. यात कुठली धाव?

खरी अडचण वेगळीच. सहा क्रॉचेट कधी 2+2+2 पडतात, कधी दादऱ्यासारखे 3+3. विभागाच्या शेवटच्या बारमध्ये बहुधा 3+3. मेट्रोनोम मिनिमवर लावला की टिकटिक 1, 3, 5 वर येते, चौथ्यावर पडतच नाही, आणि हात 3 किंवा 5 कडे ओढला जातो. तो क्रॉचेटवर लावा, आधी नुसत्या टाळीने दोन्ही वाटण्या पक्क्या करा आणि मग पहिल्या फ्रेंच सुईटची कुरांत वाजवा.