पोस्टर अलीचं, मत विन्याचं

विन्याने आल्या आल्या निकाल देऊन टाकला. "अमेरिकेतल्या काळ्यांनी इस्लाम धरला तो गोऱ्यांना चिडवायला. धर्म कसला, नुसता राग!"

सलीम म्हणाला, "राग होताच. १९६३ ला तिकडे बर्मिंगहॅमला काळ्यांच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. तू असतास तर आरती ओवाळली असतीस?"

"पण ते नेशन ऑफ इस्लामवाले, तिकडच्या काळ्या मुसलमानांची ती संघटना, गोऱ्यांना सैतान म्हणायचे ना?"

"म्हणायचे. त्यांचे प्रमुख एलिजा मुहम्मद तेच शिकवायचे, त्यांचा गाजलेला वक्ता माल्कम एक्सही वर्षानुवर्षं तेच बोलला. मग १९६४ ला हजला गेला आणि मक्केहून त्याने पत्र लिहिलं, की निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या मुसलमानांबरोबर मी एका ताटात जेवलो. मत बदललं हे चारचौघांत सांगायला छाती लागते. रोहितला काढा म्हणून तू दहा वर्षं बोंबलतोयस, तुझं बदललं का?"

नाना मधेच म्हणाले, "सौदीने गुलामगिरी बंद केली १९६२ ला. माल्कम जायच्या दोनच वर्षं आधी. तेही सांग."

"सांगतो की, नाना. अरब बिगर-अरबापेक्षा, गोरा काळ्यापेक्षा श्रेष्ठ नाही, हे पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या प्रवचनातलं. पण माझ्या बहिणीचं जमवताना आमच्यातल्यांनीच आधी बिरादरी विचारली."

सलीमने हे न लपवता सांगितलं, म्हणून मला त्याचं बाकीचंही पटतं. एलिजा १९७५ ला गेल्यावर त्यांच्याच मुलाने संघटनेचं दार गोऱ्यांना उघडलं. संघटनेतल्याच फराखान नावाच्या नेत्याने पुढे जुनी शिकवण पुन्हा उभी केली, पण म्हणून मुलाचं काम खोटं ठरत नाही.

इतका वेळ गप्प असलेला मिलिंद म्हणाला, "जो धर्म आपल्याला माणसात धरत नाही तो सोडायचा, हे माझ्या आजीला १९५६ ला नागपुरात कळलं. तिला वाचता येत नव्हतं. विन्या रोज फॉरवर्ड वाचतो."

विन्या गोरामोरा झाला. "मी काळ्यांच्या विरोधात नाही हां! जिममध्ये मुहम्मद अलीचं पोस्टर मीच लावलंय."

"अरे, त्याने १९६७ ला व्हिएतनामला जायला नकार दिला तो याच धर्मापायी! किताब गेला, ऐन उमेदीची तीन वर्षं गेली. १९७१ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली तेव्हा कुठे सुटला."

"मग काय, पोस्टर काढू?"

"पोस्टर राहू दे," सलीम म्हणाला, "दिवाळीत नेलेले पाचशे काढ."

नानांना हसता हसता ठसका लागला. विन्या तोवर गाडीला किक मारत होता.