शेवग्याचा पास्ता आणि एका सुगरणीचा राग

शेवग्याचा गर आणि अळसांदे (चवळी) घालून प्रिमावेरा पास्ता कसा करायचा, याची कृती मी लिहिली होती; इटालियनमध्ये प्रिमावेरा म्हणजे वसंत. त्यावर गोव्यातल्या साखळीहून 'एक सुगरण, साखळी' अशी सही करून आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. थोडक्यात ती अशी: "दिल्या मापाने केलं, बारा मिनिटं उकडलं, खळ झाली. त्यात शेवग्याची शेंग! ती चोखायची की काट्याने टोचायची? प्रिमावेरा पास्त्यात अ‍ॅस्पॅरेगस, झुकिनी, मटार आणि वर क्रीम असतं. तुमची ती अळसांद्याची भाजी, त्यात मैद्याच्या नळ्या. गोव्यात वसंत कुठला आला? आणि आपल्या तांदळाच्या शिरवळ्या असताना ही परक्यांची हौस कशाला?"

ताई, खळ झाली त्यात निम्मा दोष माझा. माझ्या पाकिटावर बारा मिनिटं लिहिलं होतं, तेच मी उतरवलं आणि पुढे 'भाजीत घालून तीन मिनिटं परता' असंही लिहून बसलो. म्हणजे झाली पंधरा. पाकिटावर जो वेळ असेल त्याच्या दोन मिनिटं आधी पास्ता पाण्याबाहेर काढायचा, उरलेला तो कढईत शिजतो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, अकरा वर्षं काढली, त्यातल्या पहिल्याच महिन्यात मी पास्त्याचा अख्खा ट्रे असाच घालवला होता. आमचा इटालियन आचारी काही बोलला नाही. एक नळी उचलून त्याने बोटांत चिरडली, ट्रे सरळ कचऱ्यात रिकामा केला आणि मला पुन्हा पाणी ठेवायला सांगितलं. तरीही पाककृती लिहिताना चुकलो ते चुकलोच.

उरलेला निम्मा दोष बहुतेक तुमच्या पाकिटाचा. तुम्हीच 'मैद्याच्या नळ्या' म्हणता, म्हणून विचारतो, पाकीट उलटून पाहिलंत का? सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. इटलीत 1967 पासून तसा कायदाच आहे. हा गहू कठीण, त्याचं प्रथिन नळीला धरून ठेवतं. मैद्याची नळी मात्र पाण्यात पीठ सोडत जाते, वरून बुळबुळीत होते आणि मग तुम्ही म्हणता ती खळ. आपल्याकडच्या दुकानांत दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात, रंगरूपही जवळपास सारखं. मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका.

पाणी शंभर ग्रॅमला एक लिटर, मीठ लिटरला दहा ग्रॅम. मी 'दोन चमचे' लिहिलं होतं तेही कच्चंच. माझ्या घरी आगरवाड्याचं जाडं मीठ असतं, ते चमच्यात पोकळ बसतं. तुमच्याकडे बारीक मीठ असेल तर लिटरला दीड छोटा चमचा पुरे. आणि ते पाणी ओतून टाकू नका. पुरणाच्या डाळीचं पाणी आपण टाकतो का? त्याची कटाची आमटी होते. तसंच हे. त्यात पिठाचा अंश उतरलेला असतो, त्यामुळे तेल आणि पाणी एकजीव होतं, रस नळ्यांना चिकटून राहतो. दोन पळ्या बाजूला काढून ठेवा.

आता शेवगा. चोखणं आणि काटा एका ताटात जमत नाही, हे अगदी खरं. पण मी शेंगांचे तुकडे घाला असं लिहिलं नव्हतं, गर घाला असं लिहिलं होतं. गर कसा काढायचा ते मात्र सांगायचं राहिलं. शेंगा बोटभर लांब कापून मिठाच्या पाण्यात चांगल्या मऊ उकडा, निवल्या की उभ्या चिरा आणि चमच्याच्या कडेने आतला गर बियांसकट खरवडा. बिया कोवळ्या असतील तर राहू द्या, जून असतील तर काढा. सहा शेंगांतून वाटीभर निघतो. तो नुसता चाखून पाहा. तुम्ही ज्या अ‍ॅस्पॅरेगसची आठवण काढलीत त्याचीच चव आहे, थोडी अधिक गोडूस. जहाजावर पहिल्यांदा अ‍ॅस्पॅरेगस खाल्लं तेव्हा मला आईची शेवग्याची आमटी आठवली होती. उलटं कधी झालं नाही.

प्रिमावेरात काय 'असतं' म्हणाल, तर हा इटलीतल्या कुणा आजीचा पदार्थ नव्हे. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या 'ल सर्क' या रेस्तराँतून तो गाजला आणि 1977 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची कृती छापली. त्यात ब्रोकोली, झुकिनी, अ‍ॅस्पॅरेगस, मटार, मश्रूम, टोमॅटो, पाइनच्या बिया आणि क्रीम. नीट पाहा, अ‍ॅस्पॅरेगस वसंतातलं आणि टोमॅटो, झुकिनी भर उन्हाळ्यातली. एका वाफ्यातून एका आठवड्यात या भाज्या निघतच नाहीत. नाव वसंताचं, सामान शीतपेटीतलं! आमचा आचारी बारीचा, इटलीच्या टाचेकडचा. मेन्यूवर प्रिमावेरा आला की तो नाक मुरडायचा. त्याच्या गावी कानाच्या पाळीसारखा 'ओरेक्येत्ते' पास्ता करतात, त्यात 'चीमे दि रापा' म्हणून एक किंचित कडवट पालेभाजी, लसूण, मिरची, ऑलिव्ह तेल. संपलं. मी सुट्टीवर आलो तेव्हा ती भाजी कुठली मिळणार, म्हणून मुळ्याचा पाला घालून तेच केलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

गोव्यात वसंत नाही हे मात्र तुम्ही साखळीत बसून म्हणावं याचं नवल वाटलं. फुलं बर्फातून वर येतात तसला वसंत आपल्याकडे नाही, कबूल. पण शिगम्याच्या सुमारास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारा. वायंगणातली, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकातली, तांबडी भाजी (लाल माठ), नवलकोल, कांद्याची पात, अळसांद्याच्या कोवळ्या शेंगा, झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या शेवग्याच्या जुड्या, फणसाची कोवळी कुयरी, पहिल्या कैऱ्या. आणि कोपऱ्यात बसलेल्या बायकांपुढे शेकड्यावर मोजून विकायला ठेवलेले ओले काजूगर, आपले बिबे. बाजूला कुणी पहिल्या हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, बाटली पिशवीत लपवून नेत असतो. पावसाळी भाज्या रानाच्या, या भाज्या मळ्याच्या आणि कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या). मे उजाडला की यातल्या बऱ्याच दिसेनाशा होतात. पोर्तुगीजमध्येही वसंताला प्रिमावेराच म्हणतात. माझे आजोबा त्या शाळेत चार इयत्ता शिकलेले, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता.

क्रीम मी मुद्दामच घातलं नाही. बिबे आहेत की. शंभरातले साठ सोलून अख्खे ठेवायचे, चाळीस पास्त्याच्याच पाण्यात वाटायचे. क्रीमने जे होतं ते होतं, शिवाय जिभेवर साय बसत नाही. सोलायच्या आधी कोमट पाण्यात घाला, साल सुटते. बी फोडलेली आणा. घरी फोडायला बसाल तर टरफलाचं तेल हाताला उततं. हात गमावून पास्ता खाण्यात अर्थ नाही.

परक्यांच्या हौसेबद्दल फार लिहीत नाही. हे बिबे ज्या झाडाचे, ते ब्राझीलचं. फोडणीतली खोला मिरची काणकोणच्या डोंगरात पिकते, पण तिची पूर्वज पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरली. या दोघांना आपण कधी परकं म्हटलं नाही. शिरवळ्यांशी माझं भांडण नाही, नारळाच्या गोड रसात त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण तांदळाची शिरवळी लसणीच्या तेलात परतून पाहा, तुटून तिचा भुगा होतो. मी करून पाहिलंय.

तर चौघांसाठी दुरुस्त कृती: चारशे ग्रॅम पास्ता, सहा शेंगांचा गर, दोन मुठी अळसांद्याच्या शेंगा बोटाच्या पेराएवढ्या कापून, शंभर बिबे, आठ पाकळ्या लसूण, दोन खोला मिरच्या, चार चमचे तेल. अळसांद्याच्या शेंगा पास्त्याच्याच पाण्यात आधी तीन मिनिटं उकडून काढा, म्हणजे हिरव्या राहतात. मंद आचेवर तेलात लसूण आणि मिरची, लसूण लाल होऊ द्यायची नाही, मग अख्खे बिबे, शेंगा, गर. त्यावर पास्ता, वाटण, पळीभर पाणी, आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं झटके देत परतायचं. उतरवल्यावर कच्च्या कैरीचा कीस चिमूटभर. तेल ऑलिव्हचं असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं चालेल. खोबरेल तेलाने केलेला मला आवडला नाही, बायकोला आवडला. त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

तांबडी भाजी घालून पाहू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घाला, पण पास्ता गुलाबी होईल आणि मुलं विचारतील हे काय म्हणून. मुळ्याचा पाला त्यापेक्षा बरा. यंदाचा मुळा आता संपत आलाय, या शुक्रवारी मिळाला तर घ्या.